माझ्या हातून झालेला देव

इतर मुलांना गुटी उगाळून देतात, तशी मला पत्रके मिळाली. वडील सुधारक मंडळींची चार-चार पानी पत्रके घरी आणत आणि मी ती पाठ करी. पुढे मी स्वतःच लिहू लागलो. मूर्तिपूजा किती वाईट, यावर मी ठाण्यात कोणालाही, कुठेही, न विचारता व्याख्यान देत असे. घरात मात्र जेवताना मला बोलायची बंदी होती.

अशात कळले की कल्याणला नदीकाठी घाटावरच्या लोकांनी एक कोरीव दगड उभा केला आहे. रेल्वेचा पूल बांधायला ही कुटुंबे घाट उतरून आली होती. पूल झाल्यावर काही परतली, काही तापाने गेली, काही तिथेच झोपड्या घालून राहिली. राहिलेल्यांतल्या एका पाथरवटाने, आलेल्या सगळ्यांची आठवण म्हणून हा दगड घडवला होता. मूर्ती, आणि ती देवाची नव्हे, राजाची नव्हे, पाट्या वाहणाऱ्यांची! मी हरखून गेलो.

आत्याला कल्याणच्या मारुतीचा नवस फेडायचा होता. पूजेची टोपली मी उचलायची, या बोलीवर तिने माझे तिकीट काढले. मूर्तिपूजेविरुद्धची माझी स्वारी अशी मारुतीच्या खर्चाने निघाली.

दगड कमरेइतका होता. गावोगावच्या वीरगळासारखाच, पण वीराच्या हातात तलवारीऐवजी पहार आणि घोड्याच्या जागी गाढव. मागे डोक्यावर पाटी घेतलेली बाई. जवळच एक बाई गोवऱ्या थापत होती. "ह्यो पहारवाला माजा मालक," ती म्हणाली. "पुलावरनं पडला. गाव लांब ऱ्हायलं. पोरीला बाप दावायला एवढंच हाय. जमीनवाला उचलीन म्हनतोय, पन अजून हात लावला न्हाई त्यानं."

हात का लावला नाही, हे विचारायला मला फुरसत कुठली! मी दगडाखालच्या चौथऱ्यावर चढलो. श्रोत्यांत एक नावाडी, दोन म्हशी, दम खात बसलेली आत्या आणि काठाने येणारा एक म्हातारा शेतकरी. तोच जमिनीचा मालक, हे मला ठाऊक नव्हते.

"बंधूंनो, हा देव नाही!" मी गरजलो. "इथे घंटा नाही, पुजारी नाही, शेंदराचे बोट नाही!"

म्हातारा कानाला हात लावून ऐकू लागला. इतके मन लावून माझे आजवर कोणी ऐकले नव्हते.

"नक्की नाय ना देव?"

"मुळीच नाही!"

"कोपाचा बिपाचा नाय?"

"दगड कधी कोपत नसतो, बाबा!"

"मंग बरा झाला. इतके दिस जीव भीत व्हता माजा." त्याने मागे हाक दिली. "पोरांनू, पहारी आना रं! आडवा टाकू. पेंढ्याच्या होड्या भरायला पायरी व्हईल."

माझ्या वक्तृत्वाने पालटलेला हा पहिलाच माणूस.

"आरं मुडद्या!" शेणाच्या हातांनी ती बाई माझ्याकडे धावली. "तुला कुनी इचारलं व्हतं?"

मी म्हाताऱ्याला न्याय, माणुसकी, श्रमाची थोरवी, सगळे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "देव असता तं जागा दिली असती. लोकांच्या नवऱ्याला कशाला देऊ?"

याचे उत्तर एकाही पत्रकात नव्हते. पोरे पहारी घेऊन पोहोचली. मी टोपलीत हात घातला, तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी काढली आणि मूठभर शेंदूर दगडाला फासला.

"अरे, तो मारुतीचा आहे!" आत्या किंचाळली.

"आताच तं नाय म्हनालास!" म्हातारा म्हणाला.

"तेव्हा नव्हता," मी म्हणालो. "आता आहे."

म्हाताऱ्याने त्या ओल्या शेंदराकडे पाहिले. मग त्याने वहाणा काढल्या. "पहारी ठेवा रं," तो पोरांना म्हणाला.

"आता नारळही फोड," आत्या माझ्यावर डाफरली. "अर्धवट सोडू नये."

मी फोडला. स्तोत्रही म्हटले. एका पत्रकात ते खोडून काढण्यासाठी संपूर्ण छापले होते, म्हणून पाठ होते. आत्या माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहू लागली की मला नदीत उडी घ्यावीशी वाटली.

ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती. "जित्तेपनी मुकादम लाथा घालायचा त्याला. आता पाया पडत्यात!" मग तिने झोपडीतून पोरीला बोलावले, हात धुतले आणि पदराच्या टोकाने पहारवाल्याच्या तोंडावरचा शेंदूर हळूच पुसला. तोंडावरचाच, बाकी सगळा राहू दिला. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि पोरांना पहारी घेऊन परत पाठवले.