तुळजाबाईने दाखवलेली जागा

पिंपळगाव रेणुकाईच्या कल्याणला घराबाहेर झोपायचं वेड कधी लागलं, हे त्याची बायको शालू बराबर सांगायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तो ठिबकच्या नळ्या बसवायची कामं करायचा आणि त्यासाठी भोकरदन-जाफराबादची गावं पालथी घालायचा. एकदा डोंगराकडच्या शेतात काम लांबलं, मोटारसायकलचं चाक बसलं, आणि गडी पाझर तलावाच्या काठी ताडपत्री अंथरून झोपला. सकाळी घरी आला तो हसतच. "काय सांगू शालू, डोळे उघडले तर पाण्यावर शंभरेक रानबदकं उतरल्ती," म्हणाला. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी ताडपत्री, दोरी, एक पातेलं आणि पाण्याचा कॅन गाडीला बांधून तो निघायचाच.

जागा हेरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाल्याच्या कोरड्या पात्रात तो कधी पथारी टाकायचा नाही; वर कुठे पाऊस झाला तर पाणी न सांगता येतं. वाळक्या फांदीखाली नाही, मुंग्यांच्या वाटेवर नाही. दुपारची गुरं कुठे बसतात ते तो शेणावरून ओळखायचा, कारण गुरांना वारा कळतो. आणि गुराखी भेटला की आधी तंबाखू पुढे करायचा, मग विचारायचा. कुठे वनरक्षकाला, कुठे सरपंचाला सांगून राहायचा. जाताना चूल विझवून, राख पसरून, आपली खूण मागे न ठेवता निघायचा.

हे सगळं त्याने मोबाइलवर टाकायला सुरुवात केली. पानाचं नाव ठेवलं ‘फुकटचा मुक्काम’. तलावाचा काठ, सागाचं रान, डोंगरातली सपाटी. फोटो, वाट कशी, पाणी कुठे. जालन्याची, संभाजीनगरची पोरं ते पाहून यायची. रिसॉर्टवाले मागतात तेवढ्यात आपली महिन्याची भाजी येते, असं कुणीतरी खाली लिहायचं आणि कल्याणची छाती फुगायची. दहावीत दोनदा आपटलेल्या माणसाला इंजिनिअर पोरं ‘दादा’ म्हणून रस्ता विचारत होती.

तुळजाबाई त्याला भेटली ती दिवाळीनंतर, धामणवाडीच्या वरच्या रानात. वाडी जेमतेम तीस उंबऱ्यांची, डोंगराच्या कुशीत. बाईची साठी उलटलेली, हातात काठी, पुढे अकरा शेळ्या. कल्याण तिथल्या तलावाचा काठ बघत फिरत होता, पण काठ सगळा चिखलाचा. बाईने त्याला दोन-तीन वेळा इकडून तिकडे जाताना पाहिलं.

"काय हरवलं का रे बाबा?"

"न्हाई मावशी. एक रात टेकायला जागा बघून राह्यलो."

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. मग काठीने वर दाखवलं आणि पुढे चालू लागली.

निरगुडीच्या दाट झाडीतून वाकून जावं लागत होतं. आत गेल्यावर कल्याण बघतच राहिला. तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंच काळा खडक, मधे गुळगुळीत फरशीसारखा दगड, आणि खडकाच्या सांदीतून पाण्याची मनगटाएवढी धार. खाली कमरेइतका डोह, तळचा खडा दिसेल असा नितळ. समोरची बाजू तेवढी मोकळी, तिथून पार खालचा तलाव दिसत होता.

"राह्य आजची रात," तुळजाबाई म्हणाली. "घरसंसाराचा दिसतो म्हणून दावली. पण तू कुणाला दावू नको बरं."

"छे छे मावशी. कुणाला दावतो?"

का, ते त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, म्हातारीला शेळ्यांच्या पाण्याची काळजी असेल.

सकाळी त्याने फोटो काढले. उन्हाची तिरीप डोहात पडली होती. फोटोत काही वेडंवाकडं येऊ नये म्हणून त्याने दगडावर पडलेला साबणाचा तुकडा उचलून झाडीत फेकला. एक काळी वजरी होती, टाच घासायची, तीही बाजूला केली. दोन झाडांना बांधलेली दोरी होती. तिच्यावर आपला कंदील टांगला, तो फोटोत झकास दिसला. खडकाच्या भेगेत केसांचे गुंतवळ खोचलेले होते. ते त्याने पाहिले, आणि नजर पुढे गेली. पुढे कैक दिवस त्याला हेच आठवून मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं, की सगळं डोळ्यांसमोर होतं. घरात आई होती, बायको होती, दोन बहिणी होत्या. वजरी कुणाची असते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

दोन महिने त्याने शब्द पाळला. मग जानेवारीत कुणीतरी त्याच्या पानावर लिहिलं, "दादांच्या सगळ्या जागा सारख्याच. तलाव आणि बांध. नवीन काही असेल तर दाखवा." खाली पन्नास-साठ जणांनी हसरे चेहरे टाकले. कल्याणला ते दिवसभर कुसळासारखं टोचत राहिलं. रात्री जेवण झाल्यावर त्याने धामणवाडीचे फोटो पानावर टाकले, नकाशावरची खूण जोडली, आणि वर लिहिलं, ‘जिल्ह्यातली सगळ्यात लपलेली जागा.’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते अकरा हजार लोकांनी पाहिलं होतं. त्याने शालूलाही दाखवलं. शालू फोटोकडे बघून म्हणाली, "ही दोरी कुणाची हो?"

"असंल गुराख्याची," तो म्हणाला.

मार्चच्या शेवटी धामणवाडीच्या खाली एका शेतात त्याचं नळ्यांचं काम निघालं. दुपारी काम आटोपलं, आणि अंग धुवून जाऊ म्हणून तो वर निघाला. अर्ध्या वाटेतच गाण्याचा दणका ऐकू आला. निरगुडीपाशी चार मोटारसायकली आणि एक गाडी उभी. झाडी तोडून माणूस उभा जाईल एवढी वाट केलेली. पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, विझलेल्या चुलीचे तीन काळे डाग. आत सात-आठ पोरं डोहात उतरलेली, आणि वर डोक्यावर ड्रोन गुणगुणत होता.

अलीकडे, पळसाच्या सावलीत, बाया उभ्या होत्या. बारा-तेरा असतील. कुणाच्या कडेवर बादली, कुणाच्या काखेत लुगड्याचं बोचकं. दोन वयात आलेल्या पोरी ओढणीने डोकं-तोंड झाकून वर ड्रोनकडे बघत होत्या. सगळ्यांच्या पुढे तुळजाबाई. शेळ्या नव्हत्या. तिच्याही हातात बोचकं होतं, आणि त्यावर साबण.

कल्याण जागीच थांबला. तो तसाच मागे वळला असता, पण डोहातल्या एका पोराने त्याला ओळखलं.

"अरे, कल्याणदादा! फुकटचा मुक्काम! दादा, काय जागा शोधली राव तुम्ही!"

सगळी पोरं ओल्या अंगाने धावत आली. एकाने खांद्यावर हात टाकला, एकाने मोबाइल वर धरला. "दादा, हसा की." कल्याणला हसायला सांगत होते, आणि मोबाइलच्या काचेत त्याला स्वतःच्या चेहऱ्यामागे तुळजाबाई दिसत होती. तिने शिवी दिली असती, काठी उगारली असती, तर बरं झालं असतं. तिने फक्त बाकीच्या बायांकडे वळून म्हटलं, "चला गं." आणि बाया आल्या वाटेने कोरड्याच परत गेल्या.

त्या रात्री त्याने ते फोटो पानावरून काढून टाकले. पण फोटो आता त्याचे राहिले नव्हते. दहा जणांनी आपापल्या पानांवर तेच टाकले होते, नकाशावर जागेला नाव पडलं होतं. शालूला सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला. शालूने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मी दोरीचं विचारलं होतं." तेवढंच.

तिसऱ्या दिवशी तो धामणवाडीला तुळजाबाईच्या दारात उभा राहिला. ती शेळ्यांना पाला टाकत होती. बस म्हणाली नाही.

"मावशी, चूक झाली माझी. मला ठाऊक नव्हतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. मग पाला टाकता टाकता, जणू शेळ्यांनाच सांगावं तसं, तिने सांगितलं. होळी झाली की वाडीची विहीर आटते. टँकर येतो, त्याचं घागरभर पाणी मिळतं ते प्यायला, अंगावर घ्यायला नाही. म्हणून तिच्या सासूच्याही सासूपासून बाया दुपारी वरच्या झिऱ्यावर जातात, एरवी कधीमधी, उन्हाळ्यात रोज. गडीमाणूस त्या वेळी तिकडे फिरकत नाही. गावातल्या कुणी हे कधी ठरवलं नाही, पण कुणी मोडलंही नाही. "आमच्या गड्यांनी पाळलं. तुला एक रात दावली अन् तू जगाला दावलं."

कल्याण घाईने म्हणाला, "मी ग्रामसभेत उभा राहून सांगतो मावशी. माझ्यामुळं झालं म्हणतो. माफी मागतो सगळ्यांपुढं. तिथं पाटी लावतो."

तुळजाबाईने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"काय लिहिशील पाटीवर? हितं बाया न्हातात म्हणून?"

त्याची मान खाली गेली.

"अन् सभेत काय सांगशील? आज पोरं नुसती पाण्यासाठी येतात. तू सांगितलं की दुसऱ्याच गोष्टीसाठी येतील. गप्प राह्य. तुला हलकं वाटावं म्हणून आमचं नाव चव्हाट्यावर नको आणू."

म्हणजे चूक कबूल करायचीही सोय राहिली नाही. कल्याण त्या दिवशी गाडी ढकलतच वाडीबाहेर आला. चालू करायचं त्याला सुचलंच नाही.

मग त्याने खोटं बोलायला सुरुवात केली. आयुष्यात कुणाला चुकीचा रस्ता न सांगणारा माणूस, कुणी विचारलं की लिहायचा, झिरा आटला, पाणी नासलं, वन विभाग गाड्या जप्त करतो. शनिवार-रविवारी काम सोडून धामणवाडीच्या फाट्यावर सकाळपासून उभा राहायचा. गाडी आली की हात करायचा, "जाऊ नका बिलकुल, वर आग्यामोहळ उठलंय. परवा दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं." बरेच जण वळायचे. काही जण हसून पुढे जायचे. एका संध्याकाळी वरून परतलेल्या एका पोराने त्याच्यापुढे मोबाइल धरला. "हे बघा मित्रांनो, स्वतः पान चालवतात आणि आता लोकांना अडवतात. वर एक माशी पण नाही. यांना जागा एकट्याला पाहिजे." ते चित्रीकरण त्याच्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त फिरलं. मंठ्याहून मेहुण्याने पाठवलं, ज्यांच्या शेतात नळ्या टाकल्या त्यांनी पाठवलं. बाजारात एकाने "काय कल्याणराव, मोहळ कसंय?" म्हणून हाळी दिली, आणि चहाच्या टपरीवरचे सगळे हसले.

शालू चिडली. "खरं सांगून टाका की एकदाचं. लोक काय वाट्टेल ते बोलून राह्यले."

"ते खरं माझं न्हाई, शालू," तो म्हणाला. "मला कसं सांगता येईल?"

त्याने पान बंद केलं. ताडपत्री माळ्यावर गेली.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. पोरांना दुसऱ्या नव्या जागा मिळाल्या, धामणवाडीकडे कुणी येईनासं झालं. निरगुडी पुन्हा दाटली. कल्याणला वाटलं, आता बाया परत जात असतील. होळीनंतर तो धीर करून तुळजाबाईला विचारायला गेला.

"न्हाई जात कोणी," ती म्हणाली. "एक-दोनदा गेल्तो. पण पोरी पाण्यात उतरल्या की वर बघतात. नुसती घार फिरली तरी लुगडं ओढून घेतात. वर बघायची सवय लागली रे बाबा." बाया आता तिच्या शेळ्यांच्या गोठ्यामागे तट्ट्यांचा आडोसा करून एकेकीने, एका बादलीत भागवत होत्या.

कल्याणला एकच काम येत होतं. त्याने वनरक्षकाला आणि सरपंचाला भेटून, वाडीला पाणी म्हणून, झिऱ्यापासून खाली नळी टाकायची परवानगी मिळवली. घरी पडलेल्या जुन्या नळ्या जोडल्या, गळक्या जागी नवे सांधे घातले. उतार होता, मोटार लागली नाही. चार दिवस तो एकटाच खपला. तुळजाबाई लांब दगडावर बसून बघायची. खडक कुठे फोडायचा नाही, एवढं मात्र सांगायची. आडोशाला त्याने पत्रे लावले, खाली फरशी बसवली, आणि तुळजाबाईने सांगितलं म्हणून वरही पत्रा टाकला.

पाचव्या दिवशी दुपारी नळीतून आधी हवा आली, मग माती, मग करंगळीएवढी धार. बाया जमल्या. बादल्या भरू लागल्या. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी रागावूनही पाहिलं नाही.

"आलं मावशी पाणी," तो हळूच म्हणाला.

"आलं," ती म्हणाली. "पाण्याचं काम झालं तुझ्या हातनं." मग म्हणाली, "वर गेलो की दुपारभर बसायचो रे आम्ही. पोरी गाणी म्हणायच्या. माहेरवाशिणी आल्या की तिथंच मनातलं बोलायच्या, घरात कुठं बोलता येतं? आता एकीमागं एक, जायचं अन् यायचं."

पहिली पोर बादली घेऊन पत्र्याआड गेली, तसा कल्याण उठला, पाने, पक्कड आणि करवत पिशवीत भरली, आणि वाडीकडे पाठ करून पार खालच्या बांधावर जाऊन उभा राहिला. मागून पाण्याचा आवाज येत होता. थांबायचा, दुसरी आत जायची, पुन्हा यायचा. बोलण्याचा, हसण्याचा आवाज काही आला नाही. ऊन कानशिलावर उतरलं तरी तो तसाच उभा होता. शेवटी तुळजाबाईचीच हाक आली.

"झालं आमचं. जा आता घरी."

त्याने मान हलवली, आणि मागे न बघता गाडीकडे चालू लागला.