नौदलाच्या टॉवेलावरची हळद

सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४. दुपारचे पावणेचार. मी नमुन्याचा पांढरा टॉवेल पट्टीनं तिसऱ्यांदा मोजत होतो. नौदलाला जहाजांसाठी टॉवेल हवे होते, आणि टेंडरसोबत एक बिनडाग नमुना मंगळवारी दुपारी तीनच्या आत मुंबईला पोचवायचा होता. तो नापास झाला तर आमच्या सहा मागांपैकी दोन विकायचे, असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं होतं.

मी टांगा बघायला गेलो. तेवढ्यात आईनं टॉवेल पिशवीत भरला.

मुंबईच्या गाडीत खिडकी मिळाली. कुर्डुवाडीचा चहा बरा असतो, पण खायला घरूनच न्यावं. शेंगाचटणी आणि भाकरी मुंबईपर्यंत टिकतात. जेऊर गेल्यावर पिशवी उघडली आणि टॉवेल बाहेर काढला. कोपऱ्याला हळदीचं बोट. आमच्या घरातून नवं कापड हळदीशिवाय बाहेर पडत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी टांगा बघायला गेलो.

समोर मैंदर्गीचे एक शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "साबण लावा की. लई घाबरताय तुमी!"

बोरीबंदरजवळ लॉजवर खाट चार रुपयांना मिळते, पण नळ सातलाच जातो, लवकर उठावं. सकाळी नळावर मी साबण लावला. पिवळा डाग लाल झाला. घासला तसा पसरला. लाल डागाचा टॉवेल घेऊनच दहा वाजता नौदलाच्या भांडार कार्यालयात पोचलो.

तपासनीस कोकणातले, पन्नाशीचे. टॉवेल न उलगडताच त्यांनी कोपरा चिमटीत धरला.

"हळद. आईनं लावली?"

"हो साहेब."

"आणि वर साबण तू लावलास. शहाणा आहेस! नौदलात भरती झालो तेव्हा माझ्या पांढऱ्या गणवेशाला माझ्या आयशीनं लावली होती. पहिल्याच दिवशी मैदानाला बारा फेऱ्या." मग टॉवेल माझ्याकडे सरकवला. "असा घेता येणार नाही. नियम म्हणजे नियम. लिंबू पिळ, धू आणि उन्हात टाक. तीनला खिडकी बंद."

दोन लिंबं वीस पैशांना, बादलीभर पाणी लॉजवाल्याकडून मागून. लॉजच्या गच्चीवर टॉवेल टाकून मी शेजारीच बसलो, कावळ्यांच्या भीतीनं. लाल पुन्हा पिवळा झाला, पिवळा हळूहळू फिकट. पावणेतीनला खिडकीशी पोचलो. साहेबांनी कोपरा उजेडात धरला, बराच वेळ. मग टॉवेल गालाला लावला.

"कधी धुतलास?"

"बारा वाजता."

"आणि एवढा कोरडा?" ते हळू बोलले. "आमची काही जहाजं जवानांना किनाऱ्याजवळ पाण्यातच उतरवतात. पोरं छातीभर खाऱ्या पाण्यातून जातात. परत आली की त्यांना कोरडं काहीतरी लागतं. जहाजावर वाळवायला जागा कुठं असते?"

शिक्का बसला.

बुधवारी घरी आलो. डागाचं मी फक्त अण्णांना सांगितलं, त्यांनी आईला. दोन दिवस ती माझं ताट वाढून लगेच आत निघून जायची.

महिन्याभरानं पत्र आलं. नमुना पास, पण मागणी दोन पुरवठादारांत वाटलेली, आमच्याकडे निम्मी. एक माग वाचला, एक विकावा लागला.

पहिला गठ्ठा बांधला तेव्हा आई हळदीची वाटी घेऊन दारात उभी राहिली. आत येईना. मी गठ्ठ्यावरच्या गोणपाटाचा कोपरा पुढे केला. "हितं लाव. हितं चालतंय."

त्याच आठवड्यात विकलेला माग गाडीवर चढवला. आईनं त्यालाही बोट लावलं. ते पुसायला कुणीच गेलं नाही.