केमिस्टची तिसरी बॅच

केमिस्ट कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिचा वास घ्यायचा. दुधाचा, भाताचा, नव्या शर्टाचा, मी केलेल्या पोळ्यांचासुद्धा. नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, मग कॉम्प्युटरचा कोर्स करून तो सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून अमेरिकेत, ओहायोत आला होता. २००२ साली तिथल्याच डब्लिन नावाच्या गावात एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघं एकत्र राहत होतो, आणि त्याच्या छंदापायी मी जेरीला आलो होतो.

छंद म्हणजे घरी एल बनवणं. एल ही बिअरचीच एक जात. शनिवार उजाडला की स्वयंपाकघर मला बंद. मोठं पातेलं, नळ्या, बाटल्या, झाकणं, सगळं जंतुनाशकात बुडवलेलं. मी नुसता दारात उभा राहिलो तरी तो ओरडायचा, "अबे, तिकडे शिंकू नको!" मी बेडरूममध्ये मायक्रोवेव्ह नेऊन चहा करायचो. आणि एवढं करून हा माणूस स्वतः जेमतेम अर्धा ग्लास प्यायचा.

"मग करतोस कशाला यार?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधतो," तो म्हणाला. "इथं निदान चुका माझ्या असतात."

चुका भरपूर झाल्या. पहिली बॅच व्हिनेगरसारखी आंबट निघाली. ती ज्या बादलीत आंबत ठेवली होती, तिचं झाकण मी मध्ये एकदा उघडून पाहिलं होतं, ते कबूल केलं. तो रागावला नाही. त्याच्या वहीत ‘कारण’ असा एक रकाना होता, त्यात त्यानं शांतपणे माझं नाव लिहिलं. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या बॅचच्या वेळी माझ्या वाढदिवसाची पार्टी जवळ आली होती. बादलीतलं आंबणं पूर्ण थांबल्याशिवाय बाटल्या भरायच्या नसतात. तो रोज काचेची नळी बुडवून मोजायचा आणि म्हणायचा, "अजून चालू आहे." मी चार दिवस त्याच्या मागे लागलो. अखेर त्यानं ऐकलं आणि बाटल्या भरल्या. आठवड्याभरात माझ्या कपाटात त्या आत गॅस साठून एकामागून एक फुटल्या. क्लायंट मीटिंगसाठी टांगलेला माझा एकुलता एक सूट चिंब झाला. केमिस्टनं जाड हातमोजे घालून काचा वेचल्या.

"सॉरी यार, मी घाई केली," मी म्हणालो.

"तुझी चूक नाही. मी तुझं ऐकलं, ही चूक."

त्या हिवाळ्यात त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीनं त्याला कमी केलं. व्हिसा टिकवायला दुसरी कंपनी हवी होती, ती मिळेना. मी त्याचा रेझ्युमे घेऊन बसायचो, ओळखीच्यांना फोन करायचो, आणि हा स्वयंपाकघरात तिसऱ्या बॅचचं तापमान बघत उभा. "अरे, देश सोडावा लागेल तुला! काय करतोयस?" मी ओरडायचो. तो म्हणायचा, "जे माझ्या हातात आहे, ते करून राहिलो."

बाटल्या भरल्या आणि आठच दिवसांनी त्याचं विमान होतं. आत फेस तयार व्हायला तीन आठवडे लागतात. एअरपोर्टला ड्राइव्ह करताना मी त्याला परत यायचे मार्ग सांगत होतो. तो मला बाटल्या कशा ठेवायच्या ते सांगत होता. उतरताना मात्र थांबला. "मला चाखायला मिळायला पाहिजे होती बे," एवढंच म्हणाला.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. ना आवाज, ना फेस. गढूळ, गोडसर पाणी. नागपूरला फोन लावला, पण सांगायचा धीर होईना. "मस्त झालीय! दोन बोटं फेस!"

"अन् टिकला किती वेळ?"

"टिकला की... पाच-दहा मिनिटं!" मी म्हणालो.

"खोटं नको बोलू. तुझं कपाट बाहेरच्या भिंतीला आहे. थंडीनं यीस्ट झोपलं असंल. हीटरजवळ ठेव."

मी सगळ्या बाटल्या हीटरजवळ मांडल्या. दोन आठवड्यांनी झाकण काढलं तर फुस्स झालं आणि खरोखर दोन बोटं दाट फेस वर आला. वास संत्र्याच्या सालीचा आणि चव खरपूस पावाची. मी जवळजवळ नाचतच फोन लावला.

"मागल्या वेळीही तू असाच जोरात बोलला होता," तो म्हणाला.

आईची शपथ घेतली. ग्लासाचा फोटो काढून ईमेल केला. उत्तर आलं, "ग्लासात कोणतीही ओतता येते. तरी थँक्स." मित्रांनी दोन शनिवारांत सगळ्या बाटल्या संपवल्या. त्यांच्यापैकी सतीशला मी ईमेल लिहायला लावली, तर केमिस्टनं त्याला विचारलं, "त्यानं सांगितलं म्हणून लिहिलं ना?"

आता तो नागपूरला कॉलेजात शिकवतो. दिवाळीला फोन होतो, आणि मी दरवर्षी तो विषय काढतोच. "झाली असंल बे," म्हणून तो माझ्या मुलांची चौकशी करतो. माझा पारा चढतो. त्या माणसाच्या हातून अगदी मनासारखं असं एकदाच काही झालं, आणि ते सांगायला त्याच्याकडे नेमका मीच होतो.