दुसरा चौकोन

पडद्यावर माझं खानदान होतं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. आजारी असेल तो काळा, आजार नुसता रक्तात बाळगणारा अर्धा काळा. मेलेल्यावर तिरकी रेघ. वरच्या ओळीत माझी आई आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, दोघं अर्धे काळे. खाली माझी ताई आणि मामाचा मुलगा. जवळच्या नात्यात लग्न झालं की नवराबायकोच्या मधे एकाऐवजी दोन रेघा मारतात. त्या दोन रेघांखाली एक काळा चौकोन, त्यावर तिरकी रेघ. तो सोनू, ताईचा पहिला मुलगा. आठ महिन्यांचा होऊन गेला.

ती आकृती मी काढलेली. बोलत होते सर, आमच्या लॅबचे प्रमुख.

"यांच्यात बहिणीची पोरगी भावाच्या घरात जायचीच. ठरलेलंच असतं," सर पाहुण्यांना म्हणाले. "त्यांचं नशीब फुटकं, पण आपल्याला खजिना."

हॉल हसला. एका पाहुण्यानं विचारलं, हे लोक रक्त द्यायला तयार कसे होतात? सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही आमची फील्डवाली. वस्तीतलीच आहे. हिनं सांगितलं की हात पुढे करतात."

पीएचडी होऊन मला दोन वर्षं झाली होती. या आजारामागचा जनुकातला बिघाड मी शोधला होता, मी, याच दोन हातांनी. आणि ताईच्या शेजारचा अर्धा काळा गोल मी होते. सरांना ते माहीत होतं. तरी बोलले. आणि मी काय केलं? मीपण हसले. त्या हसण्याची अजून शिसारी येते मला.

आम्ही लातूरकडचे. वडील भोसरीत फोर्जिंगच्या कंपनीत लागले आणि थेरगावात डांगे चौकामागं दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड आलं. आईनं मामाला शब्द दिलेला, थोरली तुझ्या घरात देईन. दिली. दाजींना चाकणला काम लागलं, ताई तिकडं राहायला गेली, मामीही सोबत आली. सोनू झाला. जन्मल्यावर सगळ्यांना टोचतात ती क्षयाची लस त्यालाही टोचली. बाकी पोरांच्या दंडावर बारकी पुळी येते आणि बरी होते. सोनूच्या काखेत गाठ आली, ती फुटली, वाहायला लागली. मग ताप. मग फुफ्फुसं. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. मामी म्हणाली, हिच्या दुधातच खोट आहे. ताईनं ते खरं मानलं. सोनू गेल्यावर ती स्वतःच्या अंगाला हात लावायची नाही.

मी तेव्हा शिकत होते, उंदरांच्या पेशींवर काम करत होते. सोनू गेला आणि मी ठरवलं, याचं उत्तर काढीन. म्हणून चाकणजवळच्या या संस्थेत आले. लहान मुलांच्या प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार, हा माझा विषय. बारा कुटुंबं गोळा केली. पहिलं माझं.

उत्तर सापडलं. दूधबीध काही नाही. आईबापांकडून त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली की पोराच्या पेशींना क्षयाच्या जातीच्या जंतूशी लढताच येत नाही. लसीतला अर्धमेला जंतूसुद्धा अंगभर पसरतो. बाकीच्या पोरांना हीच लस वाचवते, हे मी छातीठोक सांगते. पण अशा घरातलं बाळ आधी तपासायचं, मग टोचायचं. बस्. एवढं एक वाक्य ताईला सांगायचं होतं. ताईला तेव्हा सातवा लागला होता.

त्या हशाच्या दिवशीच मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, घरच्यांना कळवू या. दुसऱ्या लॅबमधून तपासणी पक्की करून घेऊ, माझी बहीण गरोदर आहे.

"हे संशोधन आहे, दवाखाना नाही," सर म्हणाले. "पेपर निघेपर्यंत एक चिठोरंही बाहेर जाता कामा नये. तुझी नेमणूक मार्चमध्ये संपतेय ना? मग."

मग काय. गप्प बसले. बाळंतपणाच्या तारखेला अजून वेळ आहे, तोवर पेपर जाईल, सर सही करतील, मग रीतसर सांगू, असं स्वतःला समजावत राहिले. दर रविवारी ताईकडे जायचे. ती मला शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. पोटावर हात ठेवून म्हणायची, "ह्याला तरी काही होणार न्हाई ना गं? तू एवढी शिकलीस." मी म्हणायचे, नाही होणार. तोंड उघडलं होतं, तेच वाक्य बाहेर काढता आलं असतं. काढलं नाही.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मी सरांच्या भाषणाची चित्रं नीट करत बसलेले. दुपारी ताईचा फोन. आवाज हसरा. "पोरगा झाला परवा. तू कामात असशील म्हणून म्हटलं घरी आल्यावर सांगू. आत्ता सोडलं आम्हाला. लसपण टोचली, कार्डावर लिहून दिलंय सगळं."

कपाटातून आमच्या घराच्या तपासणीचे कागद उचलले.

तशीच रिक्षानं निघाले. बाळ उचललं, ताईला घेतलं, मुलांच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंपुढे माझे कागद ठेवले. त्यांनी दोनदा वाचले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दोन महिने."

त्यांनी लसीचं कार्ड मागून घेतलं. ताई बोलली. "तुला माहीत होतं व्हय गं?" एवढंच. बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे पाठ केली.

तपासणी आली. बाळाला तोच आजार. गाठ यायच्या आत औषधं सुरू झाली, एकाच वेळी चार. दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज जुळला तर तो चढवतील. जुळेल का, तोवर बाळ धरेल का, कुणी सांगत नाही. मी शिकलेली, मलाही माहीत नाही.

चौथ्या दिवशी सरांनी बोलावलं. त्यांच्यापर्यंत बातमी गेली होती. कागद बाहेर गेल्याबद्दल रागावतील असं वाटलं. पण ते खुशीत होते.

"दुसरंही बाधित निघालं म्हणे. म्हणजे केस पक्की. त्याचं रक्त आण. आणि आकृतीत चौकोन वाढव."

मी उभीच होते. म्हटलं, नाही.

"काय?"

"चौकोन वाढवणार नाही. आणि आहेत तेही काढा."

रक्त घ्यायच्या आधी एक संमतीपत्र वाचून दाखवतात. ते मराठीत मीच लिहिलंय. थेरगावच्या, चाकणच्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओट्याजवळ बसून वाचलंय: तुम्ही केव्हाही, कारण न देता, माघार घेऊ शकता. इतकी वर्षं लोकांना वाचून दाखवलं आणि ते माझ्यासाठीही आहे हे डोक्यात आलं नव्हतं. मी सरांच्या टेबलावर आदल्या रात्री घरी करून आणलेले दोन कागद ठेवले. एक माझ्या सहीचा, एक आईच्या अंगठ्याचा. माघार.

"ताईचा ती ठरवेल," मी म्हटलं. "तिच्या वतीनं बोलायचा हक्क मी गमावलाय."

"तुला कुठंच उभं करणार नाहीत," सर म्हणाले. शांतपणे म्हणाले. खरंच असेल ते. मार्चमध्ये नेमणूक संपली. पेपरावर माझं नाव नाही. कामासाठी फोन करते तिथं आधी सरांचं पत्र मागतात.

ताई अजून बोलत नाही. दवाखान्यात मी डबा नेते, मामी घेते, ताई भिंतीकडे तोंड करते. बरोबर करते. मला माफी नको आहे. दोन महिने मी नोकरी जपली आणि तिचं लेकरू उघड्यावर ठेवलं. हे मी कुणावर ढकलणार नाही, सरांवरसुद्धा नाही. त्यांचं पाप त्यांच्याजवळ, माझं माझ्याजवळ.

बारातली अकरा कुटुंबं उरतात. त्यांची घरं मला पाठ आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणा त्यांना, तपासणी मी पक्की करून देते. म्हणून रोज सकाळी डांगे चौकात बस पकडते. दार वाजवते. जमिनीवर बसते, कागद काढते, कुणाच्या रक्तात काय आहे ते सगळं सांगते, दूध कुणाचंच वाईट नव्हतं हेही सांगते. सहा घरं झाली. कालच्या घरात सून चार महिन्यांची गरोदर आहे.

पाच उरलीत. उद्या सातव्या घरी जायचंय.