एका पातेल्याचा तोरा

कालव्याच्या बांधावरची निम्मी वाट सरली, तरी मामीची जीभ थकली नव्हती.

“जरा दम घे गं मामी,” पुड्यांची पिशवी सांभाळत मागून येणारी भाची म्हणाली.

“आज मी दम घेणार नाही, देणार आहे.”

कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. मामीची विहीण. लेकीची सासू.

मामीला सगळे पुडीवाली म्हणत. दवाखान्यातून लोहाच्या पुड्या आणायच्या, लहान पोरं असलेल्या घरी द्यायच्या आणि आयांना करून दाखवायचं: पोराच्या वाटीत मऊ भात काढा, कोमट होऊ द्या, मग पुडी मिसळा, आणि वाटी पोरानंच संपवायची. उन्हातान्हात हिंडून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. फटकळ इतकी की निम्म्या गल्ल्या तिला टरकून असत. पण पुडी घेत.

लेकीच्या सासरी मात्र गाडं अडलं. त्या घरात सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खायचं, कुणाला म्हणून वेगळं वाढायचं नाही. विहीणबाईंना त्याचा भारी तोरा. त्यांनी नातवाची पुडी रटरटत्या पातेल्यात ओतली. अन्न काळपट झालं, गंजाचा वास सुटला, कुणी घास घेईना. विहीणबाईंनी ते पातेलं गल्लीतल्या नळावर नेऊन बायकांसमोर पालथं केलं. “बघा, पुडीवाली गंज वाटत फिरते. सख्ख्या नातवालाही सोडलं नाही.”

गल्लीनं पुड्या बंद केल्या. लेकीला आईचं नाव काढायची चोरी झाली. आणि नातू पांढराफटक पडत गेला. माती खायचा, जरा चालला की मटकन बसायचा. काल दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विहीणबाईंना चांगलंच झापलं आणि पुडी सुरू करायला लावली. मग विहीणबाईंकडून मामीला निरोप आला: पुड्या घेऊन या.

“जाते ना,” मामी चालता चालता म्हणाली. “पण नळाला पाणी आलं असेल तेव्हाच जाते.”

भाची मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. पोराचं बरं होऊ दे, बाकीचं तू बघ.

विहीणबाईंच्या दारासमोरच्या नळावर बायकांची रांग होती. मामी तिथंच उभी राहिली, घरात शिरली नाही. “विहीणबाई, भात घेऊन बाहेर या. वेगळ्या वाटीत. तुमच्याच हातानं.”

विहीणबाई दारात आल्या. “आत या की. चार लोकांत कशाला तमाशा?”

“पातेलं पालथं केलंत, तेव्हा ही चार माणसं मी बोलावली होती का?”

रांगेतली एक तोंडावर हात धरून हसली. विहीणबाई आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. मागून लेक आली, पोराला कडेवर घेऊन. 

मामीनं भाताला बोट लावलं. “गरम आहे. थांबा.”

विहीणबाई थांबल्या. भरलेल्या घागरी घेऊन कुणी घरी जाईना.

“आता?”

“थांबा.”

“आता तरी?”

“घाई कसली? रटरटत्यात ओतायची सवय जात नाही वाटतं.”

विहीणबाईंची मान खाली गेली. पोर वाटीकडे हात करून रडायला लागलं. मामीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या झुकलेल्या मानेकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं समाधान भाचीला पाहवेना. तिनं पुढं होऊन भातात बोट घातलं.

“मामी, हा कधीच निवलाय.”

मामीनं झोपेतून उठवल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. मग पुडी फोडली, वाटीत टाकून ढवळली. विहीणबाईंनी तिथंच बसून भरवलं. पोरानं वाटी चाटूनपुसून संपवली. रांगेतल्या एकीनं आपल्या धाकटीसाठी पुड्या मागितल्या. मामीनं त्या दिल्या.

 परतीच्या वाटेवर कालवा ओलांडल्यावर मामी थांबली.

“उद्यापासून त्या घरी तू जा. वाटी संपेपर्यंत समोर बस.”

“आणि तू?”

“माझं मन अजून भरलं नाही गं. मी गेले तर तिला रोज अशीच ताटकळत ठेवीन, आणि पोर भुकेनं रडत बसेल. एवढं माझं ऐक. तू जा. आणि ती माझ्याबद्दल काय बोलते, ते मला येऊन सांगू नकोस.”