नावेचं तोंड

तिचं नाव मला कधी कळलं नाही, पण सोलापुरात माझं बस्तान बसलं ते तिच्यामुळं.

चौथीतून शाळा सुटली आणि मी कोकणातून येऊन शेठजींकडं स्वयंपाकाला लागलो. नवाच होतो, तोच ते पाहुण्यांना भीमा-सीनेचा संगम दाखवायला निघाले. जेवण मी नदीपलीकडं जाऊन रांधायचं होतं. उताराची नाव म्हणजे कातड्यानं मढवलेली बांबूची गोल टोपली! ती गरगरताना पाहून माझे पाय काठावरच रुतले.

"खाडीकाठचा ना रे तू?" शेठजी कडाडले. "बसायचं नसेल तर उद्याच्या गाडीनं गावी जा."

नाव चालवणारी मावशी खांदे दाबून एकेकाला बसवत होती. शेठजी बसले तशी नाव कलली.

"समोर वजनाला ह्या धनगराच्या दोन शेळ्या आन ह्यो पोरगा लागतोय की!" ती म्हणाली. पाहुणे हसले.

"मावशी, हिची पुढची बाजू कुठली?" मी हळूच विचारलं. आमच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धरली की धीर येतो.

"फुडचं-मागचं हिला न्हाय, बाबा. जिकडं जायाचं, तिकडं हिचं त्वांड. बस."

मी शेळ्यांमध्ये बसलो. नाव गरगरली, पण मावशीनं वल्हं खुपसताच पलीकडचा काठ समोर आला.

परतताना शेळ्या नव्हत्या. कुणी न सांगता मी शेठजींसमोर जाऊन बसलो. नाव तरी कललेलीच. मावशी काठावरचे दगड आत ठेवू लागली.

"शेठ लई जेवल्यात! पोराच्या हाताला चव दिसतीया."

शेठजी पोटावरून हात फिरवत हसले. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.