पंचेचाळीसच्या वेगावरचा चेलो

शिकागोच्या आमच्या मराठी वर्तुळात एक हृदयरोगतज्ज्ञ होते. माणसं बरी करण्यात हुशार असतीलही. पण घरी आलेल्या माणसांना ते अडाणीच समजत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकन शास्त्रीय संगीताचा ध्यास घेतला, म्हणजे महागडा टर्नटेबल घेतला आणि एका रविवारी दुपारी आम्हा दहा-बाराजणांना 'लिसनिंग'ला बोलावलं.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेलं फरसाण टेबलावर होतं, पण खायची बंदी होती. "कुरकुर आवाजानं मूड जातो," डॉक्टर म्हणाले. मग चेलो या खर्जातल्या तंतुवाद्यावर त्यांनी वीस मिनिटं भाषण दिलं. "अमेरिकन संगीतकारानं लिहिलेला सोनाटा आहे. आपल्या लोकांचे कान याला तयार नाहीत. बट ट्राय करा."

त्यांनी सुई टेकवली आणि चेलो किंचाळायलाच लागला. पातळ, घाईघाईचा आवाज, जणू वाजवणाऱ्याची बस सुटत होती. मला लगेच कळलं. हीच रेकॉर्ड मी लायब्ररीतून आणून महिनाभर ऐकली होती. त्यांच्या मुलीनं आपली पॉप गाणी लावून टर्नटेबल मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर ठेवला असणार; ही रेकॉर्ड होती तेहतीसची.

डॉक्टर डोळे मिटून डोलत होते. मध्येच बोट वर करून म्हणाले, "ही बेचैनी बघा. टिपिकल अमेरिकन!" सोफ्यावरचे दोन इंजिनिअर लगेच माना हलवू लागले. एक काकू पुटपुटल्या, "किती खोल आहे नाही?" मी गप्प बसलो. सभ्यपणानं नव्हे, मला मजा येत होती.

तेवढ्यात त्यांची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि टर्नटेबलपाशी वाकली.

"अगं, हात लावू नकोस!" डॉक्टर ओरडले.

तिनं बटण सरकवलं. आवाज घसरत खाली आला आणि एकदम भरला, जाड आणि सावकाश.

डॉक्टरांनी दोन क्षण ऐकलं. मग शांतपणे म्हणाले, "हां. हा दुसरा भाग."

आणि लोकांनी, माझ्या डोळ्यांदेखत, पुन्हा माना हलवल्या.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो. वहिनी चहाचं आधण ठेवत होत्या. "तुम्हाला वेग कसा कळला?" मी विचारलं.

"रेकॉर्ड मीच आणलीय. रोज दुपारी ऐकते, घरात कोणी नसतं तेव्हा."

"मग डॉक्टरांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर मला समजावून सांगत बसतील," त्या म्हणाल्या आणि आलं किसायला लागल्या.

बाहेर डॉक्टर पहिल्या भागातल्या बेचैनीचं दुसऱ्या भागात काय झालं ते सांगत होते. मला हसू आलं नाही. त्या माणसाचा तिटकारा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. सगळं माहीत असून मी तमाशा बघत बसलो होतो, आणि पुढे झाल्या त्या एकट्या वहिनीच.

पुढच्या दिवाळीला त्या दोघा इंजिनिअरांपैकी एकानं मला बाजूला घेतलं. "यार, डॉक्टरांकडचा तो सोनाटा आठवतो का? पहिला भाग एकदम फास्ट, आणि दुसऱ्यात चेलो अचानक खाली उतरतो. जीनियस!"

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "तुला म्युझिकमधलं फारसं कळत नाही, नाही का?"